सेवेसाठी गावातल्या मुलामुलींचा गौरव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात सार्वजनिक वाचनालयातर्फे दरवर्षी तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा गौरव होतो. मार्कांसाठी नाही, खेळासाठी नाही; गावासाठी, शेजाऱ्यासाठी त्यांनी आपणहून केलेल्या कामासाठी. आजूबाजूच्या गावांतली तरुण मंडळं, बचत गटांच्या ताया, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधली आमच्याच गावची माणसं फोन करून विचारत असतात की हे तुम्ही करता कसं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

दहावी-बारावीचे सत्कार होतातच की. हा वेगळा कशाला?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. आमच्या वाचनालयाची खालची चार कपाटं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा पुस्तकं फुगून कपाटांत इतकी घट्ट बसली होती की ओढून निघेनात. गाळाचा वास, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ. आम्ही मोठी माणसं आपापल्या घरचा गाळ काढण्यात गुंतलो होतो. तिथे आल्या त्या अकरावीतल्या तीन मुली आणि नववीतला एक मुलगा. कोणी बोलावलं नव्हतं.

त्यांनी काय केलं ते मी जवळून पाहिलं. एकेक पुस्तक उभं ठेवायचं, पानं पंख्यासारखी पसरायची, दर आठ-दहा पानांआड वर्तमानपत्राचा कागद घालायचा, दोन तासांनी ओला झालेला कागद काढून कोरडा घालायचा. उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकडा होतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं; मग सगळं सावलीत, व्हरांड्यात. गुळगुळीत कागदाची पुस्तकं वाचवता आली नाहीत, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. पण जुन्या मासिकांचे बांधीव खंड आज कपाटात आहेत ते या चौघांमुळे. अकरा दिवस हे काम चाललं.

त्याच वर्षी जूनमध्ये गावात गुणवंतांचा सत्कार झाला होता. त्या तिन्ही मुली नुकत्याच दहावी झालेल्या, पण तिघींपैकी एकीचंही नाव यादीत नव्हतं. मार्क मिळवणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं, त्याला माझा विरोध नाही. पण वयाच्या सोळाव्या वर्षी गावाने कौतुकाने आपलं नाव घेण्याचा एकच रस्ता असेल आणि तो टक्क्यांतूनच जात असेल, तर आपण पुष्कळ मुलांना गमावतो. आमचा पहिला कार्यक्रम १२ जानेवारी २०२० ला झाला.

गौरव केला की ती सेवा उरते का? गाडगेबाबांनी कुठे हार घेतले होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणारी माणसं बहुतेक वयाने, अनुभवाने मोठी असतात, म्हणून मनापासून उत्तर देतो. गाडगेबाबा गावात यायचे, खराटा हातात घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि कौतुक व्हायच्या आत पुढच्या गावाला निघायचे. ते खरंच आहे. पण ती एका पोचलेल्या माणसाची रीत झाली. चौदा वर्षांच्या मुलाला आपण केलेलं काम कोणाला दिसलं तरी का, हे समजायला हवं असतं. घरात तो ऐकतो, "रिकामटेकडे उद्योग बंद कर, अभ्यासाला बस." बाहेरून एक तरी आवाज असा हवा, जो म्हणेल की बाळ, तू केलंस ते आम्ही पाहिलं.

गौरव म्हणजे मोबदला नाही, हे मात्र जपावं लागतं. म्हणून आम्ही वर्षाच्या सुरुवातीला कधीच जाहीर करत नाही की "एवढे तास काम करा आणि पुरस्कार मिळवा." काम आधी होतं, त्याची नोंद आम्ही ठेवतो.

कोणतं काम सेवा म्हणून धरता?

व्याख्या करायला बसलो तेव्हा दोन बैठका वाया गेल्या. आता आम्ही एवढंच बघतो: काम दुसऱ्याच्या उपयोगाचं होतं का, सांगितल्याशिवाय केलं का, आणि एकदाच फोटोपुरतं केलं की पुन्हा पुन्हा केलं.

गेल्या काही वर्षांत आमच्या वहीत आलेली कामं सांगतो. गणपती विसर्जनाला घाटावर उभं राहून निर्माल्य वेगळं गोळा करणं. ई-पीक पाहणीच्या वेळी ज्यांना मोबाईल जमत नाही अशा शेतकऱ्यांबरोबर बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढून नोंद करून देणं. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा दहावीचा पेपर लेखनिक म्हणून लिहिणं. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे हे काम नववीतल्या मुलांकडेच येतं आणि त्यासाठी स्वतःचे दिवस मोडावे लागतात. वारकऱ्यांच्या मुक्कामाला पाणी भरणं.

एक काम मला विशेष वाटतं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसांचे बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही, बँकेत दोन-दोन खेपा होतात. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. आमच्याकडची दहावीतली एक मुलगी संध्याकाळी घरोघर जाऊन हे करून द्यायची. आजींना खुर्चीत बसवायचं, उजेड तोंडावर येईल असं फिरवायचं, "आजी, डोळ्यांची उघडझाप करा" म्हणायचं. आजी डोळे गच्च मिटून घ्यायच्या, की पुन्हा पहिल्यापासून. एका महिन्यात तिने एकतीस जणांचे दाखले काढून दिले. कोणाचा ओटीपी तिने स्वतःकडे ठेवला नाही. घरातलं एक माणूस शेजारी असल्याशिवाय ती मोबाईल हातात घेत नसे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि काय धरत नाही?

वर्गणी गोळा करणं, पक्षाचे झेंडे लावणं, नेत्याच्या वाढदिवसाचं काम. शाळेने सक्तीने करायला लावलेला प्रकल्पही नाही, पण प्रकल्प संपल्यावरही मूल ते काम करत राहिलं तर त्याचं नाव जरूर घेतो.

स्वतःच्या घरातल्या आजाऱ्याची सेवा केली तर?

यावर आमच्यात मतभेद होते आणि थोडेफार अजून आहेत. माझं मत असं: मुली जे करतात ते "घरचंच काम" म्हणून आपल्याला दिसतच नाही. पुरात शाळेतल्या निवारा केंद्रात रोज दोन वेळचं दोनशे माणसांचं जेवण व्हायचं. चुलीपाशी आचारी दिसायचे, वाढायला मुलं दिसायची आणि फोटोही त्यांचेच निघायचे. मागच्या नळावर राखेने पातेली घासणाऱ्या पाच मुली पहिल्या वर्षी आमच्या यादीतून सुटल्या. एका मुलीच्या आईने नंतर सहज बोलता बोलता सांगितलं तेव्हा मला फार लागलं. पुढच्या कार्यक्रमात त्या पाचही जणींना बोलावलं, पण उशीर तो उशीरच.

तेव्हापासून यादी करताना एक प्रश्न ठरलेला आहे: या कामाच्या मागच्या बाजूला कोण होतं? घरातल्या आजाऱ्याचं करणाऱ्या मुलांची वेगळी नोंद ठेवतो. व्यासपीठावर त्यांच्या घरची परिस्थिती उघड करत नाही. त्यांच्या घरी जाऊन पुस्तक देतो आणि कुटुंबाला काय मदत लागते ते विचारून येतो.

नावं कुठून मिळवायची? शाळेला पत्र दिलं की झालं ना?

शाळेला पत्र द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. शाळेतून हुशार आणि बोलकी मुलं येतात. शाळा सुटलेली, गॅरेजवर किंवा वीटभट्टीवर जाणारी मुलं त्या यादीत कधीच नसतात. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि गाळप संपेपर्यंत राहतात. बीडकडून आलेल्या एका टोळीतली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी कोप्यांवरच्या (टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांमधल्या) लहान मुलांना दुपारी गोळा करून पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची. तिची स्वतःची शाळा दरवर्षी अर्धी बुडत होती. हे आम्हाला किराणा दुकानदाराकडून समजलं, कारण ती त्याच्याकडून खडू न्यायची.

म्हणून अंगणवाडी ताई, आशा ताई, पोस्टमन, किराणावाला, स्मशानभूमीची देखभाल करणारा, एसटीचा वाहक यांना विचारा. गावात कोण काय करतं हे त्यांना ठाऊक असतं. आणि त्या टोळीच्या मुलीचा गौरव आम्ही जानेवारीत कोप्यांवर जाऊन केला. कारखाना बंद झाल्यावर ती कुठे असणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

वयाची अट काय ठेवावी?

तेरा ते अठरा. राष्ट्रीय सेवा योजना प्रामुख्याने महाविद्यालयांतून चालते, त्यामुळे अठरापुढच्यांना एक चौकट मिळते. आठवी-नववीतल्या मुलांसाठी स्काउट-गाइड सोडलं तर खेड्यात फारसं काही नसतं.

तासांचा हिशेब ठेवावा का?

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असा हिशेब असतो. तिथे तो गरजेचा आहे, कारण देशभर एकच मोजमाप लागतं. गावात मात्र तास मोजायला लागलं की मुलं घड्याळाकडे बघायला लागतात. आम्ही एक वर्ष करून पाहिलं आणि सोडून दिलं. दोनशे पानी वही, एका ओळीत तारीख, काम, कोणी पाहिलं. बस.

खात्री मात्र करावी लागते. ज्यांच्यासाठी काम झालं त्यांपैकी एकाला आणि त्रयस्थ एकाला विचारतो. फोटोचा पुरावा मागत नाही. फोटो मागितला की उद्यापासून फोटोसाठीच काम होतं.

पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढावा का?

नका काढू. पातेली घासणारी मोठी की पेपर लिहून देणारा मोठा, हे ठरवणारे आपण कोण? पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत २०१६ पासून गावंच्या गावं श्रमदानाला उतरली. तिथे बक्षीस गावाला होतं, एकट्या माणसाला नव्हतं, आणि म्हणूनच शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे घमेली उचलत होते. गटाने केलेल्या कामाचा गौरव गटाचाच करा, पण सगळ्यांची नावं वाचा. "आणि त्यांचे सहकारी" हे शब्द मी आमच्या कार्यक्रमात चालू देत नाही.

निवड कोणी करायची? सरपंचांचा मुलगा यादीत आला तर लोक बोलतातच.

बोलणारच. आमच्या समितीत पाच जण आहेत: ग्रंथपाल, एक निवृत्त शिक्षिका, आशा ताई आणि मागच्या वर्षांत गौरव झालेली दोन मुलं. मुलं बसल्यापासून निवड कितीतरी खरी झाली, कारण कोणी किती केलं आणि कोणी नुसतं दाखवलं हे त्यांना पक्कं माहीत असतं. नात्यातलं नाव आलं की त्या सभासदाने बाहेर जायचं. आणि प्रत्येक वाडीतून, प्रत्येक वस्तीतून माहिती आली का, हे यादी बंद करण्याआधी तपासायचं. एखाद्या आळीतून एकही नाव नसेल तर दोष त्या आळीतल्या मुलांचा नसतो, आम्ही तिथे विचारायला गेलेलो नसतो.

शाल-श्रीफळ, ट्रॉफी, रोख, की काय द्यावं?

शाल पंधरा वर्षांच्या मुलाला नको असते. ट्रॉफी फळीवर धूळ खाते. आमच्याकडे तीन गोष्टी देतात: मुलाच्या आवडीचं पुस्तक (आधी त्याच्या मित्राला विचारून ठेवतो), वाचनालयाचं पाच वर्षांचं सभासदत्व आणि मानपत्र. रोख रक्कम देत नाही. कोणाच्या अकरावीच्या प्रवेशाची, वह्या-पुस्तकांची अडचण असेल तर ती मदत वेगळी, गाजावाजा न करता. पहिला कार्यक्रम आम्ही साडेसहा हजारांत केला आणि त्यातला मोठा वाटा पुस्तकांचा होता.

मानपत्रात काय लिहायचं?

यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. "आपल्या उल्लेखनीय सामाजिक कार्याबद्दल" असं छापील वाक्य कोणालाही चालतं, म्हणजे ते कोणाचंच नसतं. काय केलं ते लिहा. आमच्या एका मानपत्रातला मजकूर देतो:

"आपल्या आळीतल्या गुरुजींची दृष्टी गेल्यापासून दोन वर्षं तू रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतोस. पहिल्या पानापासून सुरू करतोस, बाजारभाव सोडत नाहीस, आणि शब्द चुकला की गुरुजी तुला थांबवतात तेव्हा तो पुन्हा नीट वाचतोस. परीक्षेच्या दिवसांतही तू अर्धा तास येऊन गेलास. गावाने हे पाहिलं आहे."

गुरुजींनी स्वतः ते त्याच्या हातात दिलं. मुलगा काही बोलला नाही, मान खाली घालून उभा राहिला. गुरुजींनी हाताने चाचपत त्याचा खांदा शोधला आणि सभागृहात बराच वेळ कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

मग प्रमुख पाहुणे कोण?

ज्यांच्यासाठी काम झालं, ते. एका वर्षी आम्ही मोठे पाहुणे बोलावले होते. ते अडीच तास उशिरा आले, पाऊण तास बोलले, आणि वाड्यांवरून आलेल्या आयांची शेवटची एसटी गेली. मुलांना घाईघाईत रांगेत उभं करून कागद वाटले. त्या दिवशीची एका मुलीच्या वडिलांची मुद्रा मला आठवते. मजुरी बुडवून, धुतलेला सदरा घालून आले होते. तेव्हापासून बाहेरचे पाहुणे नाहीत. कार्यक्रम दुपारी चारला सुरू, साडेपाचला संपतो.

दिवस कोणता निवडावा?

१२ जानेवारी आम्हाला सोयीचा पडतो: जिजाऊंची जयंती आणि विवेकानंदांच्या जयंतीचा राष्ट्रीय युवा दिन. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी, २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. दोन्ही दिवस शोभतात. ५ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे. ग्रामपंचायत करणार असेल तर २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेत करा, माणसं जमलेलीच असतात. फेब्रुवारी-मार्च टाळा, बोर्डाच्या परीक्षा असतात.

सुरक्षिततेचं काय?

इथे मी कडक आहे. अठराखालच्या मुलाने पुराच्या पाण्यात उतरायचं नाही, बोटीत बसून मदतीला जायचं नाही, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्याच जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तो दिवस या काठावरचं कोणीही विसरलेलं नाही. पुरात जीव धोक्यात घातल्याबद्दल आम्ही मुलांचा गौरव करत नाही, कारण मग पुढच्या पुरात दुसरी मुलं उड्या घेतील.

बाकी नियम साधे: पालकांची लेखी संमती, अंधार पडल्यावर घरी, कोणाच्याही घरी एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. गाळ काढताना बूट आणि हातमोजे. परवाना नसलेल्या मुलाला गाडीवरून सामान आणायला पाठवायचं नाही. रक्तदान शिबिरात मुलं खुर्च्या मांडतील, चहा देतील; रक्त द्यायला अठरा पूर्ण लागतात. काम करताना एखाद्या मुलाला कोणी त्रास दिला किंवा दुसऱ्या एखाद्या मुलाची अडचण त्याला दिसली, तर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्ड हेल्पलाइनचा) क्रमांक आमच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे.

फोटो टाकावेत का?

मुलाचा फोटो पालकांना आणि मुलाला, दोघांना विचारून. मुलाचा पत्ता, शाळा, मोबाईल क्रमांक कुठेच नको. आणि ज्याला मदत मिळाली त्याचा मदत घेतानाचा फोटो कधीच नको. धान्याची पिशवी घेणाऱ्या बाईंच्या मुली त्याच शाळेत शिकतात.

"दहावीचं वर्ष आहे, हे धंदे नकोत" म्हणणाऱ्या पालकांना काय सांगावं?

वाद घालू नका. त्या वर्षापुरतं मुलाला मोकळं करा. आधीच्या दोन वर्षांचं काम वहीत आहेच. आणि पालकांना कार्यक्रमाला मुद्दाम घरी जाऊन बोलवा. दोघांनाही, आईलासुद्धा नावाने.

गावच्या गौरवापुढे मुलांना कुठे पाठवता येतं?

स्काउट-गाइडमध्ये राज्य पुरस्कार आणि त्यापुढे राष्ट्रपती पुरस्कार आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारात सामाजिक सेवेची स्वतंत्र श्रेणी आहे. ५ ते १८ वयोगट, अर्ज ऑनलाइन, आणि मुलाच्या वतीने कोणीही नाव सुचवू शकतं. महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजना, जी २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. अर्ज भरताना आमची वही कामाला येते: तारखा, कामं, साक्षीदार सगळं हाताशी असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. मोठ्या मुलांना तिथे पाठवता आलं तर जरूर पाठवा.

शहरात, सोसायटीत हे जमेल का?

जमेल. फक्त वॉचमनच्या, घरकाम करणाऱ्या ताईंच्या मुलांची नावंही त्याच यादीत घ्या.

या वर्षी उशीर झाला, पुढच्या वर्षी सुरू करू का?

वही आजच आणा. पेन दोरीने बांधून वाचनालयाच्या, मंदिराच्या, दूध संकलन केंद्राच्या टेबलावर ठेवा. कार्यक्रम कधीही होईल. आमच्या वहीतली पहिली नोंद १९ ऑगस्ट २०१९ ची, ग्रंथपालांच्या अक्षरातली आहे; पान अजून थोडं मातकट दिसतं: "टाकीजवळचा गाळ काढला. चार मुलं, दोन मुली. मी पाहिलं. नावं उद्या विचारून लिहिणे." खाली वेगळ्या शाईत सहा नावं आहेत.